आजीच्या ट्रंकेतल्या फोनोच्या तबकड्या रद्दीत द्याव्यात का?

आजीच्या घरी ट्रंकभर जुन्या तबकड्या, सिनेमाच्या गाण्यांची चोपडी आणि नाटकांची हस्तपत्रकं निघाली. गाणी तर सगळी यूट्यूबवर मिळतात, मग हे ठेवून काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. कळकळीची विनंती आहे, रद्दीवाल्याला अजून बोलावू नका.

‘सगळी मिळतात’ हे खरं नाही. ‘आलम आरा’ हा १९३१ सालचा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत उरलेली नाही आणि त्यातल्या गाण्यांच्या रेकॉर्डही निघाल्या नव्हत्या, त्यामुळे ती मूळ आवाजात आज कोणालाच ऐकता येत नाहीत. ‘स्वयंवर’ या संगीत नाटकाची पदं आपण आजही मैफलीत ऐकतो, पण त्या चाली बांधणाऱ्या भास्करबुवा बखल्यांचा आवाज कसा होता, हे ऐकून ठरवायला काही हाती नाही. हे आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

म्हणून तुमच्या ट्रंकेत ‘यंग इंडिया’चं लेबल दिसलं तर जरा थांबा. १९३५ साली मुंबईत सुरू झालेल्या एका स्वदेशी कंपनीचा हा छाप. नवख्या, फारशा प्रसिद्ध नसलेल्या गायकांनाही तिने जागा दिली. १९५५ मध्ये कंपनी बंद पडली. मोठ्या कंपन्यांची गाणी पुढे एलपी, कॅसेट, सीडीवर आली; यांच्या मागे कोणी उरलं नाही. जे वाचलं ते संग्राहकांनी जपलं म्हणून, नाहीतर तुमच्या आजींसारख्यांनी ट्रंकेत ठेवलं म्हणून.

आता हाताळणीबद्दल. जुनी तबकडी लाखेची असते, प्लॅस्टिकची नाही. वजनाला जड, आणि हातातून सुटली की तुकडे. माझ्या हातून झालेली चूक तुम्ही करू नका. विशीत असताना घरातल्या एका तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले म्हणून मी स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. बोळा काळा झाला तेव्हा वाटलं मळ निघतोय. निघत होतं ते गाणं. त्या बाजूला आज नुसती खरखर आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने पुसा, लेबल ओलं होऊ देऊ नका, तबकडी भिजत ठेवू नका, आणि लगेच कोरडी करा. ठेवताना उभी ठेवा. एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा.

जुन्या फोनोवर लावून बघायचा मोह होईल. पोलादी पिन दर बाजूला नवी लावायची असते. झिजलेली पिन खाच खरवडते. त्यापेक्षा ७८ची गती (मिनिटाला ७८ फेरे) असलेला टर्नटेबल आणि ७८ साठीची जाड सुई असलेल्या माणसाकडून गाणी संगणकावर उतरवून घ्या. एलपीची सुई या खाचेत तळाशी जाऊन घासते. फाइल वॅव्हमध्ये (WAV, आवाज न दाबता साठवणारा प्रकार) ठेवा. खरखर काढलेली प्रत हवी तर वेगळी करा, पण मूळ प्रत आहे तशी राहू द्या, कारण सफाई करताना तंबोऱ्याचा झंकारही जातो. आणखी एक, सगळ्याच जुन्या तबकड्या बरोबर ७८च्या गतीवर भरलेल्या नसत. सूर चढा वाटला तर पेटीवर पट्टी लावून पाहा.

कागदांचं मोल तर मला गाण्याइतकंच वाटतं. आमच्या एका पाकिटावर आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, ‘सुमीच्या बारशाला आणली, दुपारभर वाजवली.’ सुमी म्हणजे माझी आत्या. गाणं कोणत्या घरात, कोणत्या निमित्ताने वाजलं हे कंपनीच्या कुठल्याही यादीत मिळणार नाही. पाकिटं, दुकानदाराचे शिक्के, हस्तपत्रकं, सगळ्याचे फोटो काढा. लेबलावरचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरलेला क्रमांक, दोन्ही उतरवून घ्या. ध्वनिमुद्रण कधीचं आणि कितवं हे जाणकार त्यावरून सांगतात.

घरात ठेवणं जमणार नसेल तर १९९० पासून मुंबईत काम करणारी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. सिनेमाच्या चोपड्यांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मात्र संग्रह फोडून, ‘चांगल्या’ तेवढ्या निवडून देऊ नका. इंटरनेटवर टाकण्याआधी हक्क पाहा : आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, कवी आणि संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

आणि आजी असतील तर हे सगळं पुढच्या महिन्यावर ढकलू नका. एकेक तबकडी त्यांच्या हातात द्या, मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा आणि विचारा, ही कोणी आणली होती?