इम्प्लांटशेजारच्या दाताच्या मुळाशी पू झाल्यास शस्त्रक्रिया करावी, की दात काढावा?

आपण लिहिता की २ महिन्यांपूर्वी वरच्या पुढच्या दातांत इम्प्लांट (हाडात बसवलेले धातूचे कृत्रिम मूळ) बसवले, शेजारच्या दाताचे रूट कॅनाल जुने असून आत धातूचा पोस्ट (मुळात बसवलेली आधाराची काडी) व वर कॅप आहे, आणि आता त्या दाताच्या मुळाशी पू झाला आहे. मी पुण्यात रूट कॅनालचेच काम करतो. त्यामुळे माझा कल दात वाचवण्याकडे असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

अँटिबायोटिक गोळ्यांनी सूज उतरेल, पण जंतू जाणार नाहीत. ते मुळाच्या आत बसलेले असतात आणि तिथे रक्तपुरवठाच नसल्याने औषध पोहोचत नाही. शिवाय इम्प्लांट हाडात पक्के व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. शेजारचा संसर्ग त्याच्या टोकापर्यंत गेला, तर बाहेरून हिरडी निरोगी दिसत असतानाही आतले हाड झिजू शकते. म्हणून फार थांबू नये.

आधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, करावा. दात आणि इम्प्लांट यांच्यामध्ये किती हाड उरले आहे (निदान दीड मिलिमीटर असावे, असे मानतात) आणि पूमुळे हाडात झालेली पोकळी कुठवर गेली आहे, हे त्यात दिसते. मात्र धातूमुळे प्रतिमेत खोट्या रेषा उमटतात, तेव्हा नुसता अहवाल वाचणाऱ्यापेक्षा स्वतः स्कॅन उघडून पाहणारा डॉक्टर बरा.

रूट कॅनाल पुन्हा करायचे तर पोस्ट काढावा लागेल, आणि तो काढताना मूळ तडकण्याची भीती असल्यामुळे आपल्या बाबतीत मुळाच्या टोकाकडून केलेली शस्त्रक्रिया, म्हणजे एपिकोएक्टमी, मला योग्य वाटते. जागा बधिर करून हिरडी उचलतात, हाडाला छोटी खिडकी पाडून सडका भाग काढतात, मुळाचे टोक सुमारे ३ मिलिमीटर कापतात आणि उरलेल्या मुळात तेवढीच खोल जागा करून ती एमटीए किंवा बायोसिरॅमिक या सिमेंटसारख्या पदार्थाने बंद करतात. खरे कौशल्य इम्प्लांटच्या बाजूला लागते: तिथले निरोगी हाड खरवडले जाता कामा नये. टाके आठवडाभरात निघतात, परंतु हाड भरून यायला ६ महिने ते वर्ष लागू शकते.

हिरडी उचलल्यावर मुळाला उभे तडे गेलेले दिसले, तर मात्र दात काढावाच लागतो. त्याची संमती आधीच देऊन ठेवावी, म्हणजे दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागत नाही. खर्चाची अडचण असेल, तर धनकवडीच्या भारती विद्यापीठ दंत महाविद्यालयात चौकशी करावी.