कौलारू छपरावर सौर पॅनेल बसवण्यापूर्वी

फोंड्यातील जुन्या कौलारू घरावर स्वतः सौर पॅनेल बसवण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र पॅनेलची खरेदी शेवटी करावी आणि आधी माळ्यावर चढून वासे तपासावेत. वाशात बारीक गिरमिट फिरवल्यावर कोरडा, कणीदार भुसा निघाला तर लाकूड धड समजावे, पण तो पिठासारखा निघाला तर वासा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. मंगलोरी कौल पॅनेलचा भार पेलण्यासाठी नसतेच, म्हणून कौल सरकवून स्टेनलेस स्टीलचा हूक थेट वाशावर आवळावा आणि तो बाहेर येतो तिथे वरच्या कौलाची खालची कड घासून खाच करावी, अन्यथा कौल उचललेले राहून मिरगाच्या पहिल्याच सरीत घर गळू लागते.

गोवा सुमारे १५ अंश अक्षांशावर असल्याने दक्षिणेकडे तेवढा कल आदर्श असला, तरी छपराच्याच उताराला समांतर बसवलेले पॅनेल वादळी वाऱ्यात अधिक सुरक्षित राहते. माडाच्या सावलीकडे दुर्लक्ष करू नका. एका झावळीची सावलीही उत्पादन बरेच घटवते. उन्हातले पॅनेल कोणत्याही बटणाने बंद होत नाही, त्याच्या तारांत वीज असतेच आणि झटका बसू शकतो, तेव्हा सुतारकाम हौसेने करावे, पण वायरिंग आणि नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) जोडणी परवानाधारक वायरमनकडेच सोपवावी.