वाचकांचे प्रश्न : नळाचे पाणी आणि घरातली साठवण

प्रश्न : लातूरला आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी नळ येतो. सुरुवातीचे पाणी गढूळ असते आणि साठवल्यावर चार दिवसांत त्याला कुबट वास येऊ लागतो. यंत्र विकायला आलेल्या माणसाने दोन पेल्यांत विजेच्या कांड्या सोडल्या, तेव्हा आमच्या नळाचे पाणी तपकिरी झाले आणि त्याचे मात्र नितळ राहिले. आरओ बसवावे का?

उत्तर : कांड्यांचा तो प्रयोग पाहून घाबरून जाऊ नका. त्यातली एक कांडी लोखंडाची असते. वीज सुरू होताच ती झिजू लागते आणि पाण्यात दिसतो तो तिचाच गंज असतो. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरत नाहीत, त्यामुळे त्यातून वीज जेमतेम वाहते आणि गंजही सुटत नाही. त्याच पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, म्हणजे विक्रेत्याचे पाणीही तपकिरी होईल. टीडीएस मीटरसुद्धा वीज किती वाहते यावरूनच क्षारांचा अंदाज देतो. जंतू आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंतचे पाणी चालते. धरणाच्या पाण्यात बोअरपेक्षा क्षार सहसा कमीच असतात.

तुमची अडचण आहे ती आठ-दहा दिवसांनी होणाऱ्या पुरवठ्याची. नळ बंद असतो तेव्हा जलवाहिनीत दाब राहत नाही आणि जिथे जोड सैल झाला आहे, तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. त्यात चार घरांनी नळाला थेट मोटारी लावल्या की ही ओढ आणखी वाढते. (हे सगळ्या गल्लीला ठाऊक असते, पण आपली मोटार कोणी काढत नाही.) म्हणून नळ आल्यावर पहिले गढूळ पाणी वापरण्यासाठी वेगळे भरावे आणि पाणी निवळल्यावरच पिण्याचे भरावे. त्याला गटारासारखा वास येत असेल, तर ते पिऊ नये आणि पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार करावी.

मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असायला हवे, परंतु साठवलेल्या पाण्यातून ते हळूहळू उडून जाते. त्यामुळे सगळी टाकी एकदाच शुद्ध करण्यात अर्थ नाही; रोज लागेल तेवढेच पाणी रोज शुद्ध करावे. गढूळपणा असेल तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून तासभर पाणी निवळू द्यावे आणि गाळ न हलवता वरचे पाणी कपड्यातून गाळून घ्यावे. तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून त्यानंतर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) टाकून अर्धा तास थांबावे किंवा पाणी चांगले खळखळून उकळू द्यावे. माठात हात बुडवण्याऐवजी तोटी किंवा दांड्याचे ओगराळे वापरावे. शुद्ध केलेले पाणी बहुधा इथेच बिघडते. टाकी घट्ट झाकावी आणि पुढचा नळ येण्याआधी रिकामी करून घासावी, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा पुरतो. एवढे पाळल्यास आरओची गरज नाही. शिवाय एक लिटर पाणी देताना ते यंत्र त्याहून जास्त पाणी मोरीत सोडते, ते आपल्याकडे परवडणारे नाही.

प्रश्न : आमच्या किनवट तालुक्यातील गावात मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. हातपंपाचे पाणी तर स्वच्छ दिसते. उकळून प्यावे का?

उत्तर : हे डाग फ्लोराइडचे असू शकतात. ते खडकातून पाण्यात उतरते आणि त्याला रंग, वास, चव काहीच नसते. उकळल्याने पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण वाढतेच. इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त 1.5 मिलिग्रॅम आहे. एकाच गावातल्या दोन हातपंपांतही मोठा फरक पडतो, म्हणून प्रत्येकाचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावा आणि फ्लोराइडचा आकडा आवर्जून मागावा. ज्याचे प्रमाण कमी निघेल, त्याचेच पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला घ्यावे. तसा स्रोत नसेल तर छतावरचे पावसाचे पाणी साठवावे किंवा आरओ घ्यावे. इथे मात्र त्या यंत्राचा खर्च सार्थकी लागतो. पडलेले डाग पाणी बदलल्याने जात नाहीत, परंतु ज्या लहानग्यांचे कायमचे दात अजून हिरडीत घडत आहेत, त्यांचे दात वाचतात आणि थोरामोठ्यांच्या हाडांवरचा पुढचा परिणामही टळतो.