बिचारा रविवारी झोपतो

‘माझी सून नगरची, सीएनआय या प्रॉटेस्टंट मंडळीतली. लग्नाला आठ वर्षं झाली, पण कॅथलिक होत नाही. “एकदा बाप्तिस्मा घे, सुटलीस” म्हटलं की गप्प बसते. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला येते, पण कम्युनियनला, पवित्र भाकर घ्यायला, सगळे उठले की ही एकटीच बाकावर. बायका बघतात. नातवाचं पहिलं कम्युनियन तोंडावर आलंय. तिला कसं समजावू?’
– एक सासू, वसई

ताई, तुमच्या दोन पानी पत्रात कंसात एक वाक्य आहे : ‘मुलगा रविवारी झोपतो, आठवडाभर लोकलने दमतो बिचारा.’ मी तिथेच अडकले. मग नातवाला उठवून, आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून मिस्साला आणतं कोण? ती नगरची पोर! आणि तक्रार तिचीच?

बाप्तिस्म्याचा हट्ट आधी सोडा, बाप्तिस्मा तिला पुन्हा घेताच येणार नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला तिचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. उद्या ती आपखुशीने आली, तरी श्रद्धा जाहीर करून येईल, बाप्तिस्मा पुन्हा नाही. आणि बाकावर बसते ती तुमच्याच चर्चच्या शिस्तीने; एरवी प्रॉटेस्टंटांना तिथे कम्युनियन देत नाहीत. नियम पाळणाऱ्या बाईकडे माना वळवून बघतात, त्या बायकांना काय म्हणावं!

आता चिरंजीव. अशा लग्नाला बिशपांची परवानगी घेताना, ‘मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी होईल ते सगळं करीन’ हे वचन कॅथलिक जोडीदार देतो. पूर्वी दोघांकडून घेत. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी नियम बदलला. तेव्हापासून दुसऱ्या जोडीदाराला त्या वचनाची फक्त कल्पना देतात. म्हणजे शब्द दिला तुमच्या मुलाने, आणि तो निभावतेय ती, जिने काहीच कबूल केलेलं नाही. तिची आठवडाभराची लोकल चुकलेली नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. तिला नाही वाटतं दमायला होत?

येत्या रविवारी सुनेला एक अक्षर बोलू नका. मुलाच्या अंगावरची चादर ओढा. पोराला तयार त्याने करायचं. कम्युनियनच्या तयारीसाठी फादर आईवडिलांना बोलावतील, तेव्हाही पहिला तोच गेला पाहिजे. कुरकुरला तर कुरकुरू दे, पण तुम्ही मधे पडून ‘बिचारा’ म्हणायचं नाही.