वाचकांचे प्रश्न : बसचा नंबर कोणाचा?

प्रश्न : शहरबसचा ठेकेदार बदलला की मार्गाचा नंबरही बदलायचा का? नंबर देतं कोण? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : गाडी कोणाचीही असो, नंबर मार्गाचा. म्हणून तो बदलू नये. गंमत म्हणजे ही पद्धत एका खासगी कंपनीचीच. १९०६ मध्ये लंडनला 'व्हॅनगार्ड' गाड्यांवर मार्गांचे नंबर लागले. पुढे कंपन्यांची गर्दी झाली, तेव्हा १९२४ च्या कायद्यानं नंबर ठरवण्याचं काम पोलिसांकडे गेलं. मुंबईत बेस्टचे नंबर भागही सांगतात. ढोबळमानानं दोनशेचे पश्चिम उपनगरांत, तीनशेचे पूर्व उपनगरांत, चारशेचे या दोन्हींना जोडणारे. नव्यानं नंबर देताना एकापाठोपाठ एक संपवू नका, मध्ये मोकळे ठेवा. उद्या नवी वसाहत झाली की तिथला मार्ग त्याच गटात बसतो. नंबर, थांबे आणि फलक महापालिकेचे, हे निविदेतच लिहून घ्यावं.

प्रश्न : ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे द्यावेत की तिकिटाचे पैसे त्यालाच ठेवू द्यावेत? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तिकिटाचे पैसे त्याचे असले की गाडी भरल्याशिवाय थांब्यावरून हलत नाही, आणि रात्रीची शेवटची फेरी हटकून रद्द होते, त्या फेरीला डिझेलही सुटत नाही. किलोमीटरचा दर दिला तर फेरी होते, पण हात दाखवणाऱ्या प्रवाशासाठी थांबण्यात चालकाला काही मिळत नाही. तरीही किलोमीटरच्या दराची पद्धत बरी, दंडाची कलमं कडक असतील तर. थांबा चुकवला, वेळेआधी गाडी सोडली, फेरी बुडवली, प्रत्येकाचा दंड वेगळा हवा आणि तो जीपीएसच्या नोंदीवरून कापला जावा. तिकिटाचं यंत्र महापालिकेच्या ताब्यात ठेवा.

भांडणं होतात ती दोन ठिकाणी. आगारापासून पहिल्या थांब्यापर्यंतचे रिकामे किलोमीटर बिलात धरायचे का? आणि समजा महापालिकेनं रोज १८० किलोमीटरच्या पैशांची हमी दिली, पण रस्ता खोदल्यामुळे गाडी १४० च धावली, तर उरलेल्या ४० चं काय? त्याला पूर्ण दर द्यायचं कारण नाही, कारण डिझेल जळलेलं नसतं. मात्र चालकाचा पगार आणि कर्जाचा हप्ता चालूच असतो, तेवढा भाग द्यावा लागतो. इंधनाचा भाव वाढला की दर किती वाढेल, याचं सूत्रही आधीच ठरवा.

प्रश्न : मराठवाड्यात एसटीच्या आधी सरकारी बस होती का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : होती. निजामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ गाड्यांवर बससेवा सुरू केली. मराठवाड्यातली सरकारी सेवा १९६१ मध्ये एसटी महामंडळात आली.