वाचकांचे प्रश्न : जोतं आधी की परवानगी?

प्रश्न : नगरपरिषदेच्या हद्दीत वडिलांचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. तो रहिवासी विभागात येतो म्हणतात, पण सातबाऱ्यावर शेतीच आहे. ठेकेदार म्हणतो, "जोतं उचलू, कागद मागून होतील." काय करू?

उत्तर : ताई, कुदळ लागू देऊ नका. मी पंचवीस वर्षं घरांचे नकाशे काढतोय. माझ्या मावसभावानं असंच जोतं उचललं आणि विकास योजनेतल्या, म्हणजे शहराच्या मंजूर आराखड्यातल्या, रस्त्याची रेषा नेमकी त्याच्या देवघरातून गेली. काळा दगड परत उपसून ट्रॅक्टरमध्ये भरताना वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

'म्हणतात' यावर जाऊ नका. नगरपरिषदेतून झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते याचा कागद) आणि भाग नकाशा (त्या आराखड्यातला तुमच्या प्लॉटपुरता तुकडा) घ्या. प्लॉट मंजूर रेखांकनातला, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या मंजूर नकाशातला, आहे का, तेही बघा. विभाग रहिवासी निघाला आणि जमीन भोगवटादार वर्ग 1 (विकायला सरकारची परवानगी लागत नाही अशी) असेल, तर जमीन महसूल संहितेनुसार वेगळ्या एनए, म्हणजे बिनशेती, परवानगीसाठी हेलपाटे नाहीत. तहसीलमध्ये भरायची रक्कम विचारा, पावती जपा. भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या, शेजाऱ्यांसमोरच. मग परवानाधारक अभियंत्याकडून अर्ज करा. बांधकाम परवानगी एक वर्ष चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. घर झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, घ्याच.