१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येत विशेष काय आहे? एक-एक वाढवत गेलं तर ही गंमत पुढेही चालू राहते का?

नाही राहत. हे आधी लिहून टाकतो, कारण यावरून आमच्याकडे भर पंगतीत वाजलं होतं.

नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग म्हणजे ही संख्या, हे तुम्हाला माहीत असणारच. कर्वे रोडवरच्या एका कार्यालयात पुतण्याची मुंज होती. आमचे भावोजी पोरांना गोळा करून ‘वैदिक गणित’ शिकवत होते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, इथवर ठीक. मग म्हणाले, दहा एक घेतले की मधे दहा येणार, १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मी जिलबी सोडून आहेराच्या पाकिटावर गुणाकार मांडला. मधल्या रकान्यात दहा येतात, शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवाला मिळाला की पुन्हा दहा, पुन्हा हातचा, आणि आठाचे होतात नऊ. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. “मोबाईलवर बघा,” म्हटलं, तर म्हणे त्यात शेवटचे आकडे दिसतच नाहीत. बहीण डोळे वटारत होती. जावयाला चारचौघांत खोडायचं नसतं म्हणे. का नाही? पोरं ऐकत होती ना!

खरं तर गुणाकाराचीही गरज नव्हती. दहा एक म्हणजे १११ कोटींच्या घरातली संख्या, तिचा वर्ग १९ अंकी. भावोजींचं उत्तर २० अंकी. वर ती २० अंकी संख्या चक्क मूळ संख्या आहे, म्हणजे ती कुठल्याच पूर्ण संख्येचा वर्ग असू शकत नाही. हे मी त्यांना नंतर कळवलं. उत्तरादाखल हात जोडलेला इमोजी आला.

तुमच्या संख्येचं म्हणाल तर तिचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७. तीनाचा चौथा घात, बाकी दोघांचे वर्ग, म्हणून विभाजक एकूण ४५. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना हर्षद संख्या हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीला शाळामास्तर. एकांच्या या वर्गांवरही त्यांनीच काम केलं आणि त्यांना डेमलो संख्या म्हटलं, जीआयपी रेल्वेवरच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनावरून. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. भावोजी रोज तिथूनच लोकल पकडतात, आणि श्रेय देतात वेदांना! यात वैदिक काही नाही, हातचा येईपर्यंतचा साधा गुणाकार आहे. मुलांना दाखवणार असाल तर दहावा वर्ग त्यांच्याकडूनच करून घ्या, पाहुण्यांसमोर.

एक मात्र राहिलं. हे सगळं दशमान पद्धतीपुरतं. संगणकवाले वापरतात त्या सोळाच्या पद्धतीत ही रांग पंधरा एकांपर्यंत बिनहातच्याची चालते. तिथे दहा एकांच्या वर्गात मधोमध खरंच दहा येतो, भावोजी बरोबर ठरतात. फक्त तो दहा ‘ए’ या एकाच चिन्हाने लिहावा लागतो.